कोडच्या बाजारात फी कोणी भरायची?

नरडाण्यात सकाळी रक्ताचा नमुना दिला आणि संध्याकाळी धुळ्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल मोबाइलवर आला, यात आता कोणाला नवल वाटत नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग दोन्ही लाभलेल्या या गावाला धुळे कधी लांब नव्हतेच. आता अहवालासाठी तेवढाही फेरा पडत नाही. रुग्ण दुवा दाबतो, साखरेचा आकडा बघतो आणि डॉक्टरांना पाठवून देतो. प्रयोगशाळेपासून मोबाइलपर्यंतच्या वाटेत हा आकडा तिसऱ्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून एक कुलूप लावलेले असते. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीला असणारी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे त्या कुलपाची खूण. ते कुलूप कोणी घडवले आणि घडवणाऱ्याच्या हाती काय पडले, हा प्रश्न रुग्णाला पडण्याचे कारण नाही. आरोग्य खात्याला मात्र तो पडायला हवा.

जगभरच्या असंख्य सर्व्हरवर हे कुलूप ‘ओपनएसएसएल’ नावाच्या सॉफ्टवेअरचे असते. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता येतो. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातली एक चूक जाहीर झाली. तिला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. दोन वर्षे कोणाच्या लक्षात न आलेल्या या चुकीतून सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे, म्हणजे पासवर्ड, गुप्त किल्ल्या, ग्राहकांची माहिती, बाहेरच्या माणसाला खेचून घेता येत होते. सुरक्षित म्हणवणाऱ्या सुमारे पाच लाख संकेतस्थळांना तिचा धोका होता, असा तेव्हाचा अंदाज. चुकीपेक्षा मोठा धक्का नंतर बसला. बँका, रुग्णालये आणि सरकारे ज्याच्यावर विसंबून होती त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या जेमतेम २,००० डॉलर, आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. मग लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना गोळा करून निधी उभा केला. तहान लागल्यावर विहीर खणली, एवढेच.

ही गोष्ट केवळ कुलपापुरती नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आदिवासी भागातल्या रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. तिथल्या गरजेतून ‘थॉटवर्क्स’ या कंपनीच्या मंडळींनी ‘बाह्मनी’ ही रुग्णालयाची नोंदप्रणाली तयार केली. केसपेपर, तपासण्या, औषधे आणि बिल असे सगळे एका ठिकाणी, आणि कोड सर्वांना खुला. ती स्वतः ‘ओपनएमआरएस’ या आणखी जुन्या खुल्या प्रणालीवर उभी आहे. ऑस्लो विद्यापीठात वाढलेली ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्य आकडेवारीची प्रणाली भारतातल्या अनेक राज्यांनी वापरली आहे. करोनाच्या लशीनंतर ‘कोविन’वरून मोबाइलवर उतरलेले प्रमाणपत्र आठवते? त्यामागे ‘डिवॉक’ हे खुले सॉफ्टवेअर होते, आणि पुढे ते श्रीलंका, फिलिपिन्स अशा देशांनीही घेतले.

त्याच काळातली आणखी एक आठवण आरोग्य पत्रकारांच्या मनात नक्की असेल. जिल्हावार रुग्णसंख्या एका जागी मिळत नव्हती, तेव्हा देशभरच्या स्वयंसेवकांनी ‘कोविड-१९ इंडिया’ हे संकेतस्थळ उभे केले. रोजची सरकारी पत्रके, मंत्र्यांचे ट्वीट, जिल्ह्यांचे अहवाल चाळून ही मुले आकडे भरत. वृत्तपत्रांनी, संशोधकांनी आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ते मुक्तहस्ताने वापरले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी काम थांबवले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दीड वर्ष नोकरी, अभ्यास आणि घर सांभाळून त्यांनी देशाची वही भरली होती. पण आकड्यांची गरज तेव्हा संपलेली नव्हती.

या साऱ्या प्रकल्पांचा कोड ज्या ठिकाणी राहतो त्याला कोड होस्टिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. ‘गिटहब’ हे त्यातले सर्वात मोठे नाव, ‘गिटलॅब’ दुसरे. याला नुसते कोठार म्हणणे अपुरे आहे. कोणत्या ओळीत, कोणी, कधी, का बदल केला याची पूर्ण नोंद तिथे असते. चूक सापडली तर ती नोंदवण्याची वही तिथे असते, नवा कोड आपोआप तपासून बघण्याची यंत्रे असतात, आणि कोणते सॉफ्टवेअर कोणावर अवलंबून आहे याची वंशावळही असते. भारतातले १ कोटीहून अधिक लोक गिटहबवर आहेत. शिरपूरच्या किंवा धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तिथे खाते उघडतो. त्याने एखाद्या खुल्या प्रकल्पातली चूक दुरुस्त केली तर त्याच्या पानावर एक हिरवा चौकोन उमटतो. मोबदला तेवढाच.

मग या प्लॅटफॉर्मांचे पोट कशावर भरते? याचा इतिहास बोधप्रद आहे, आणि थोडा करमणुकीचाही. १९९९ साली सुरू झालेले ‘सोर्सफोर्ज’ जाहिरातींवर चाले. जाहिराती पुरेनात तेव्हा २०१३मध्ये त्यांनी नवी योजना काढली : खुल्या सॉफ्टवेअरच्या डाउनलोडबरोबर दुसऱ्याच कंपन्यांची सॉफ्टवेअरे चिकटवून द्यायची. २०१५मध्ये ‘गिम्प’ या चित्रांच्या सॉफ्टवेअरबाबत असे घडल्यावर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी मालक बदलले, नव्या मालकांनी योजना बंद केली. पण तोवर लोकांनी बिऱ्हाड हलवले होते. ‘गूगल’नेही असेच एक कोठार चालवले आणि २०१६च्या जानेवारीत गुंडाळले. गूगलसारख्या कंपनीला ते परवडत नव्हते असे नाही. त्यातून कोणाचा धंदा होत नव्हता, म्हणून ते कोणाच्या जिव्हाळ्याचेही राहिले नाही.

गिटलॅबची कथा खान्देशातल्या वाचकाला जवळची वाटेल. युक्रेनमधल्या दिमित्रो झापोरोझेत्सने २०११मध्ये ते लिहायला घेतले तेव्हा त्याच्या घरात नळाचे पाणी नव्हते. सार्वजनिक विहिरीवरून रोज पाणी आणावे लागे. त्यापेक्षा चांगले साधन नसण्याचा त्रास त्याला मोठा वाटला, असे कंपनीच सांगते. पुढे त्यांनी मूळ सॉफ्टवेअर खुले ठेवले आणि मोठ्या कंपन्यांना लागणाऱ्या जादा सोयींना पैसे लावले. २०२१मध्ये कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली.

गिटहबने आरंभी साधा नियम ठेवला होता. कोड जगासमोर ठेवणार असाल तर जागा फुकट, झाकून ठेवणार असाल तर महिन्याला पैसे. नियम न्यायाचा होता. जो समाजाला देतो त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, जो स्वतःपुरते ठेवतो त्याने भाडे भरायचे. २०१८मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने ७५० कोटी डॉलरना गिटहब घेण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर झाकलेला कोडही बहुतांशी फुकट झाला. मोठ्या कंपन्यांची वर्गणी हा मुख्य आधार उरला. २०२२च्या जूनमध्ये त्यात ‘कोपायलट’ची भर पडली : कोड लिहायला मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, महिन्याला १० डॉलर. ती शिकली कशावर? लोकांनी जगासमोर ठेवलेल्या कोडवर. गिटहबने लोकप्रिय खुल्या प्रकल्पांच्या सांभाळकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना ती फुकट दिली, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही चित्र असे दिसते की शेतकऱ्यांनी यार्डात उतरवलेल्या धान्याचे पीठ दळून यार्डाचा मालक विकतो आहे, आणि शेतकऱ्याला पिठात सवलत देतो आहे.

देणग्यांचा मार्ग आहेच. गिटहबने २०१९मध्ये ‘स्पॉन्सर्स’ सुरू केले. कोणीही एखाद्या प्रोग्रामरला दरमहा पैसे पाठवू शकतो, आणि व्यक्तीने व्यक्तीला दिलेल्या पैशातून गिटहब काही कापत नाही. ही चांगली सोय आहे. पण देणगी मिळते ती दिसणाऱ्या कामाला. सुंदर पडदा रंगवणाऱ्याला टाळ्या पडतात, जमिनीखालची जलवाहिनी सांभाळणाऱ्याला नाहीत. भारतातल्या देणगीदाराची आणखी एक अडचण झाली. कार्डावरून आपोआप होणाऱ्या मासिक वजावटीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले आणि परदेशी सेवांच्या कितीतरी छोट्या वर्गण्या अडकल्या. नियम ग्राहकाच्या हिताचाच होता. पण महिन्याला पाच डॉलर देण्यासाठी कोण खटपट करत बसणार?

देणाऱ्यांमध्ये काही ठळक अपवाद आहेत. बेंगळुरूच्या ‘झिरोधा’ने २०२४मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. जर्मनीने २०२२मध्ये सरकारी पैशातून असाच निधी उभारला. डीएचआयएस-२ नॉर्वेच्या आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य निधींच्या बळावर वाढले. मात्र दात्याची मर्जी ही पावसासारखी. शिंदखेडा तालुक्याला पावसाच्या भरवशावर राहणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी आरोग्य मदतीला कात्री लावली तेव्हा जगभरच्या आरोग्य यंत्रणांना तो अनुभव आला.

या कोड्याचे उत्तर शोधायला फार दूर जायची गरज नाही. नरडाणा ज्या तालुक्यात आहे त्याची बाजार समिती दोंडाईचाला आहे, मिरचीसाठी प्रसिद्ध. यार्डात माल आणणाऱ्या शेतकऱ्याकडून बाजार फी घेतली जात नाही. ती माल घेणारा व्यापारी भरतो. दर शेकडा रुपयाच्या आतबाहेर. त्यातून शेड, रस्ते, वजनकाटे व्हायचे असतात. आडतीचे तसे नव्हते. फळे आणि भाजीपाल्याची आडत वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६च्या जुलैमध्ये राज्य सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, बाजार बुडेल असे सांगितले गेले. बाजार बुडाला नाही. (बाजार समित्यांच्या कारभाराबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी कमी नाहीत, आणि फीचे पैसे शेडऐवजी कार्यालयाच्या इमारतीत गेल्याच्याही कहाण्या आहेत. पण फी कोणी भरायची, हे तत्त्व चोख आहे.)

कोडच्या बाजारात हेच तत्त्व लावता येईल. कोड पिकवणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही. विद्यार्थी, गावातला दवाखाना, छोटी संस्था यांनाही मोकळीक. पण जी कंपनी दिवसाला लाखो वेळा यंत्रामार्फत तोच माल उचलते, तिने उचलीच्या प्रमाणात फी भरावी. प्लॅटफॉर्मने आपला खर्च आणि नफा त्यातून काढावा, आणि ठरलेला हिस्सा त्या मालाच्या सांभाळकर्त्यांना पोहोचवावा.

इथे एक आक्षेप हमखास येतो : खुल्या सॉफ्टवेअरचा परवानाच फुकट वापराची मुभा देतो, मग फी कसली? फी मालाची नाही, यार्डाची. कोड फुकटच राहील. हवा त्याने एकदा घ्यावा, आपल्या संगणकावर ठेवावा, वाटावा. पण दर तासाला नव्याने तोच उतरवून घेणे, त्याची सुरक्षा तपासणी करून मिळणे, रात्री दोन वाजता दुरुस्ती हाती येणे ही सेवा आहे, आणि तिला वीज, यंत्रे, माणसे लागतात. उचल किती विषम असते याचा एक दाखला पुरे. जावा भाषेतल्या सॉफ्टवेअरचे ‘मेव्हन सेंट्रल’ हे कोठार चालवणाऱ्या कंपनीने २०२४मध्ये सांगितले की ८० टक्क्यांहून अधिक वाहतूक अवघ्या १ टक्का पत्त्यांवरून होते. म्हणजे फी लावायची झाली तर ९९ टक्के लोकांना तिची झळही लागणार नाही.

‘डॉकर’ या कंपनीने हे करून पाहिले आहे, आणि ठेचही खाल्ली आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी फुकट उचलीवर मर्यादा घातली : ओळख न देता सहा तासांत १०० वेळा, खाते असेल तर २००. कुरकुर झाली, पण जग पुढे गेले. मार्च २०२३मध्ये त्यांनी खुले प्रकल्प ठेवणाऱ्या गटांची फुकट जागा बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा मात्र इतका संताप उसळला की काही दिवसांत माघार घ्यावी लागली. पहिल्या वेळी फी घेणाऱ्यावर पडत होती, दुसऱ्या वेळी पिकवणाऱ्यावर. फरक एवढाच होता.

खरी अडचण गोळा करण्यात नाही, वाटपात आहे. कोणाचा कोड कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ही वंशावळ गिटहबकडे तयार आहे, तेव्हा हिशेब यंत्रावर सोपवावा असे कोणालाही वाटेल. तसे करणे धोक्याचे आहे. २०२४मध्ये ‘टी’ नावाच्या एका योजनेने खुल्या सॉफ्टवेअरला आभासी चलनात बक्षीस देऊ केले, तर बक्षिसाच्या आशेने जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ कोठारात हजारो पोकळ पॅकेजे येऊन पडली. पोते मोजून पैसे मिळणार असतील तर पोत्यात भुसा भरणारे निघणारच. म्हणून वाटपाला माणसांचे मंडळ हवे : त्यात प्रोग्रामर, फी भरणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि वापर करणाऱ्या सार्वजनिक संस्था. त्यांचे निर्णय कोडइतकेच उघडे असावेत. अशा मंडळात राजकारण शिरेल हे खरे. तरीही एका माणसाच्या पाठीवर जगाचे ओझे ठेवण्यापेक्षा ते बरे. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली, तिची सुरुवातच तिथून झाली होती. ते एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि थकला होता. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अनोळखी नावाने दोन वर्षे विश्वास कमावला आणि मग घात केला. एका अभियंत्याला आपला संगणक अर्धा सेकंद मंद वाटला म्हणून ते उघडकीला आले. नाहीतर असंख्य लिनक्स सर्व्हरच्या, त्यात रुग्णालयांच्याही, दाराची किल्ली चोराच्या हाती गेली असती.

फीची वाट न बघताही काही होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या ‘फ्रापे’ कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब आणि कारभाराचे सॉफ्टवेअर पूर्ण खुले आहे. दवाखान्यांसाठी तिथे वेगळा विभागही तयार झाला. कोड फुकट, पण तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवण्याची कटकट नको असेल तर कंपनी भाड्याने चालवून देते, आणि त्या भाड्यातून पुढचा कोड लिहिणाऱ्यांचे पगार निघतात. कोड ठेवणे, चालवणे आणि लिहिणे यांच्यातला पैसा एकाच नळातून वाहतो. मोठ्या प्लॅटफॉर्मांनी यातून घ्यावे असे बरेच आहे : आपल्याकडे ठेवलेला खुला प्रकल्प एका कळीवर चालवून देण्याची सोय त्यांनी करावी, महिन्याचे भाडे घ्यावे आणि त्याचा भाग त्या प्रकल्पाला द्यावा. धुळे जिल्ह्यातल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला बाह्मनी हवी असेल तर आज तिला संगणकाचा जाणकार शोधावा लागतो. तो गावात मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. ही सोय झाली तर रुग्णालयाचे काम होईल, आणि पैशाचा एक ओघळ गनियारीच्या गरजेतून जन्मलेल्या त्या प्रणालीकडे जाईल.

राहिले सरकार. केंद्राने २०१५मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले, आणि सरकारी कोडसाठी ‘ओपनफोर्ज’ हे स्वतःचे कोठारही उघडले. २०२०च्या मे महिन्यात ‘आरोग्य सेतू’च्या अॅपचा कोड गिटहबवर ठेवला, चूक दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. दिशा योग्य होती. पण सरकारी फाइलीत खुले सॉफ्टवेअर बहुधा एकाच रकान्यात दिसते : परवाना खर्च शून्य. ‘फुकट ते पौष्टिक’ ही वृत्ती इथेच नडते. क्ष-किरण यंत्र घेताना वार्षिक देखभाल कराराशिवाय कोणी सही करत नाही. यंत्र एखाद्या दानशूराने भेट दिले असले तरी देखभालीचे पैसे ठेवावेच लागतात. नाहीतर दोन वर्षांत ते कापडाखाली जाते, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला ठाऊक आहे. ज्या सॉफ्टवेअरवर गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरणाचे वेळापत्रक आणि क्षयरुग्णांच्या औषधांचा हिशेब चालतो त्याला हा नियम लागू होत नाही, कारण ते कपाटात दिसत नाही.

सॉफ्टवेअरचे कंत्राट घेणारी कंपनी आपला नफा, मनुष्यबळ, प्रवासखर्च सगळे निविदेत धरते. ज्या खुल्या कोडवर तिचे निम्म्याहून अधिक काम उभे असते त्याचा उल्लेख मात्र नसतो. आरोग्य विभागाच्या पुढच्या निविदेत दोन अटी घालता येतील. कंत्राटदाराने वापरलेल्या प्रत्येक खुल्या घटकाची यादी द्यावी. आणि कराराच्या रकमेतला शेकडा एक रुपया, म्हणजे बाजार फीइतकाच, त्या यादीतल्या प्रकल्पांच्या देखभालीला गेल्याची पावती बिलाबरोबर जोडावी. पावती नसेल तर बिल अडवून धरायचे.